सीताबाईंचा डावा स्क्रू

माझ्या रागाची ख्याती कल्याण नाक्यापासून पार ब्राह्मण आळीपर्यंत आहे. पेशंट उशिरा आला तर मी बोलते, दात न घासता आला तर जास्त बोलते, आणि दुसरीकडून दात बिघडवून घेऊन आला तर विचारूच नका. माझे वडील प्रभाकरमास्तर म्हणायचे, "निवेदिता, दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, ते तू भरून दाखवलंस. आता जीभ तेवढी आवर." ती काही आवरली नाही. पण सीताबाईंच्या बाबतीत जे झालं, ते मी एक गोष्ट बोलायची तेव्हा बोलले नाही म्हणून झालं. कुणी माफ करावं म्हणून हे सांगत नाहीये. पोटात राहत नाही, म्हणून सांगतेय.

सीताबाई खारबावच्या. वय बाहत्तर, अंगानं काटक, आवाज असा खणखणीत की माझ्या दवाखान्यामागे चालणाऱ्या कापडाच्या लूमच्या खडखडाटातसुद्धा पहिल्या हाकेला ऐकू यावा. त्या धवलारीण. आगरी लग्नात भटजी असतो, पण हळदीपासून मांडवापर्यंत एकेका विधीचं गाणं असतं आणि ते धवलारीण म्हणते. ती गात नाही तोवर त्या घरातल्या बायका हळदीला हात लावत नाहीत. ही गाणी सीताबाईंच्या कुठल्या वहीत नव्हती. आत्येनं त्यांना शेतात लावणी करता करता तोंडी शिकवलेली, साठाच्या वर. शब्द चुकला तर तो नवरा-नवरीला बाधतो, असं त्या मानायच्या. चाळीस वर्षांत एक शब्द चुकला नाही म्हणून त्यांना जो अभिमान होता, तो त्यांना शोभायचा.

चार वर्षांपूर्वी पहिल्यांदा आल्या तेव्हा खाली एकही दात नव्हता आणि कवळी ठरत नव्हती. "गो बाय, तान मारली का कवली वऱ्हाडान जाऊन परते," असं म्हणून स्वतःच पोट धरून हसल्या. मी त्यांच्या खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवले. म्हणजे हाडात रुतवलेले दोन स्क्रू, आणि त्यांच्यावर कवळी बटणासारखी टच बसते. तसली माझ्या हातची ती पहिली केस. इतकी सुरेख जमली की त्यांचा हसरा फोटो मी दवाखान्यात लावला. आणि म्हणाले, "सीताबाई, हे स्क्रू तुम्हाला पुरून उरतील." हे असलं डॉक्टरनं बोलू नये. मी बोलले.

दर सहा महिन्यांनी दाखवायला या, असं बजावलं होतं. कसलं काय! तीन वर्षं बाई फिरकल्या नाहीत. या माघात त्यांची नात भाविका त्यांना स्कूटीवर मागे बसवून घेऊन आली. भाविका दापोड्याच्या एका गोदामात ऑफिसला आहे, चुणचुणीत पोरगी.

"मॅडम, आजीच्या हिरडीतून रक्त येतंय. घरात कुणाला सांगत नव्हती. मी उशीवर डाग बघितला."

मी तोंड उघडायला लावलं. डाव्या स्क्रूभोवती हिरडी लालभडक, दाबल्यावर पू आला. एक्स-रे काढला. उजवीकडे हाड जागच्या जागी होतं, नुसती हिरडी सुजलेली. डावीकडे मात्र स्क्रूभोवतालचं हाड चारातले तीन हिस्से गेलेलं. एवढं हाड गेलं की तो स्क्रू काढायचा, यावर दोन डॉक्टरांचं सहसा दुमत होत नाही. मला ते त्या क्षणी कळलं होतं. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी जे वागले ते कसं होतं ते तुमचं तुम्हाला कळेल.

आधी मी तोंडसुख घेतलं. "तीन वर्षं कुठं होता? भात लावून कुणी तीन वर्षं शेताकडे पाठ फिरवतं का?" सीताबाई खाली मान घालून ऐकत राहिल्या. माझं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "वैशाखान या भाविकाचं लगीन हाय. माजे एकुलते एक नातीचं. साऱ्या गावाची लग्नां गायली, आता घरचं. तवर टिकंल ना गो बाय?"

भाविका आजीच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. भिंतीवर तो फोटो. आणि माझ्या तोंडून निघालं, "बघू या. प्रयत्न करू."

प्रयत्न काय, तर स्क्रूभोवती खोलवर साफसफाई केली, दोन खेपांत. आणि गोळ्या दिल्या, प्रोबायोटिकच्या. चघळायच्या, सकाळी आणि रात्री दात घासून झाल्यावर एकेक. नवीन निघालंय हे. वाईट जंतूंना नुसतं मारत बसण्यापेक्षा चांगले जंतू तोंडात सोडायचे, म्हणजे ते जागा धरतात आणि वाइटांना पसरू देत नाहीत. मी एका परिषदेत ऐकलं होतं, थोडं वाचलंही होतं. नुसती हिरडी सुजली असेल तर साफसफाईच्या जोडीला यांचा थोडाफार उपयोग दिसतो, कधी तोही दिसत नाही. पण गेलेलं हाड या गोळीनं परत येत नाही. तेही मी वाचलं होतं. उजव्या स्क्रूसाठी गोळी देणं ठीक होतं. डाव्यासाठी मी ती दिली कारण मला 'काढावा लागेल' म्हणवत नव्हतं.

वर नको ती बडबड केली. गोळ्या थंड जागी ठेवा, आत जिवंत जंतू आहेत, औषधी पाण्यानं चूळ भरू नका, नाहीतर ते मरतील, एवढं सांगून थांबावं की नाही? पण मला बोलायची हौस. म्हणाले, "गंमत माहितीये का, यातले काही जंतू मुळात एका जपानी बाईच्या तोंडातून घेतलेत. तिचे दात इतके निरोगी होते!"

भाविका हसली. सीताबाईंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, त्याही हसतायत.

फाल्गुन संपता संपता त्या परत आल्या. डावीकडे पू तसाच होता, आणि उजवी हिरडीही अजून रक्ताळत होती. मी विचारलं, "गोळ्या घेता ना?" भाविकानं पर्समधून एक पिशवी काढून टेबलावर ठेवली. सगळी पाकिटं. एकसुद्धा फोडलेली नव्हती.

"फ्रिजमध्ये मागे ठेवली होती, मॅडम. आणि लाइट गेली की ओल्या फडक्यात गुंडाळून माठाला टेकवून ठेवायची. मला वाटायचं, काय जपतेय म्हातारी! खात नव्हतीच."

मी हात टेकले. "अहो, मग जपत कशाला होता?"

"जिवंत हाय बोललीस ना तू," सीताबाई हळू आवाजात म्हणाल्या. "मरू कशी देऊ? पन दुसरीचे तोंडातलं हाय. उष्टं हाय. गानी शिकवली तवा आत्येनं मना नेम घातलान, का कोनाचं उष्टं तोंडान घ्यायचं न्हाय. पोरांचं बी मी कवा खाल्लं न्हाय. त्याच तोंडानं देवाचं नाव घेऊन लगीन गायाचं असतं."

मला हे ऐकून गलबलून यायला हवं होतं. नाही आलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. खरं सांगायचं तर आत कुठंतरी सुटल्यासारखंही वाटलं, कारण दोष द्यायला आता कुणीतरी सापडलं होतं.

"उष्टं?" मी जवळजवळ ओरडलेच. बाहेरच्या बाकावरचे पेशंट गप्प झाले. "सीताबाई, कारखान्यात वाढवलेले जंतू आहेत ते! दीड महिना फुकट घालवलात. या गोळ्या घेतल्या असत्यात तर आज ही वेळ आली नसती. आता गा बोळक्या तोंडानं!"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

सीताबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पिशवी जवळ ओढली, एक पाकीट फोडलं, गोळी हातावर घेतली. डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत आत्येचं नाव घेतलं, माफी मागितली आणि गोळी तोंडात टाकली. चघळताना त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं. साठ वर्षांचा नेम माझ्या खुर्चीत बसून मोडला त्यांनी. मी हातमोजे बदलले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

त्यानंतर त्या नेमानं गोळ्या घ्यायला लागल्या. सकाळी एक, रात्री एक, मध्ये एकही चुकली नाही. दर आठवड्याला मी साफसफाई करत होते. चैत्राच्या मध्यावर पाहिलं, तर उजवी हिरडी छान गुलाबी, दाबलं तरी रक्ताचा थेंब नाही. गोळ्यांनी झालं की साफसफाईनं, देव जाणे. बहुतेक दोन्हींनी मिळून. पण डावा स्क्रू चिमट्यानं धरला आणि तो हलला. हललेला स्क्रू म्हणजे सगळं संपलं. त्याच दिवशी काढला. बोटांनी फिरवला तसा वर आला, जोर लावायची गरजसुद्धा पडली नाही. नवा बसवायला तिथं हाडच उरलं नव्हतं.

माझी असिस्टंट मेघाली त्यांच्यासमोर आरसा धरून होती. सीताबाईंनी उजवीकडची हिरडी बघितली, मग डावीकडचं भोक बघितलं. मग म्हणाल्या, "बघ. ज्या दिसापून गोली खाल्ली त्या दिसापून ही बाजू बरी झाली. आदीपून खाल्ली असती त ती बी वाचली असती. माजेच करनीनं गेला."

आता बोलायचं होतं. एका वाक्याचं काम होतं: नाही सीताबाई, तो माघातच गेला होता. मेघालीनं माझ्याकडे पाहिलं. एक्स-रे तिनंच काढला होता, तिलाही ठाऊक होतं. मी म्हणाले, "कापूस घट्ट दाबून धरा. आणि जखम भरेपर्यंत कवळी घालू नका. एका बटणावर ती अशीही झोके खाईल." त्या गेल्या. मेघाली त्या दिवशी माझ्याशी कामापुरतंच बोलली.

वैशाखात भाविका पत्रिका घेऊन आली. लग्नाआधी मुली फुलतात, ही सुकलेली. मी विचारलं, तर पत्रिका हातात तशीच धरून रडायला लागली.

"मॅडम, आजी धड जेवत नाही. कोन गावाहून दुसरी धवलारीण बोलावलीये. आजी म्हणते, मी मांडवात पाय ठेवणार नाही. आधी हट्ट केला, दात घालवला. मग नेम मोडला, उष्टं खाल्लं. दोन्हीकडून बाटले, म्हणते. माझी सावली पोरीच्या लग्नावर नको. तुम्ही सांगा ना तिला काहीतरी. तुमचं ऐकते ती."

माझं ऐकते. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि तेवढी शिक्षा कमीच होती. सांगायचं काय, ते मला माघापासून ठाऊक होतं. सांगितलं तर फोटोतली बाई मला काय म्हणेल, या भीतीनं अडीच-तीन महिने मी गप्प बसले होते आणि ती माझा गुन्हा स्वतःच्या डोक्यावर घेऊन उपाशी बसली होती. लाज वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती.

हळदीच्या दिवशी दुपारीच मी खारबावला गेले. दारात मांडव, चुलीवर मोठाली भांडी, बायका गोल बसून तांदळाच्या भाकऱ्या थापत होत्या. सीताबाईंची सून हौसा, भाविकाची आई, पिठाच्या हातानंच पुढं आली आणि मला मागच्या पडवीत घेऊन गेली. सीताबाई तिथं भिंतीला टेकून बसल्या होत्या. लुगडं जुनंच. कवळी नसल्यानं गाल आत गेलेले. तीन महिन्यांत दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या होत्या.

मी समोर जमिनीवर बसले. वाटेत बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना.

"सीताबाई, तुमच्या गोळ्यांमुळे काहीही झालं नाही. म्हणजे, तुम्ही त्या घेतल्या नाहीत म्हणून डावा स्क्रू गेला नाही. तो जाणारच होता."

त्यांनी मान वर केली.

"पहिल्या दिवशीच एक्स-रेत दिसलं होतं. हाड संपलं होतं. गोळी काय, कशानंही तो वाचला नसता. मी तुमच्याशी खोटं बोलले. तुम्ही वैशाखापर्यंत टिकेल का विचारलंत, आणि मला नाही म्हणवलं नाही. नंतर सगळं तुमच्यावर ढकललं. तुमची काही चूक नाही. नेमही तुम्ही माझ्यामुळे मोडलात. ते पाप असलंच तर माझं आहे."

मला वाटलं होतं, आता त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. उठतील, चार शिव्या देतील, मांडवात जातील. शिव्यांची माझी तयारी होती.

"कवापून ठावं व्हतं तुना?" त्यांनी विचारलं. दात नसल्यानं शब्द ओले, अर्धवट येत होते. मला दोनदा विचारावं लागलं.

"माघापासून."

त्या बोटांवर मोजत, एकेक महिन्याचं नाव घेत वैशाखापर्यंत आल्या.

"तवा सांगतली असतीस," त्या म्हणाल्या, "त मी हौसाला बसवली असती. रोज रातचे एक गानं. तवा तोंडान कवली व्हती. शब्द सारखा निघत व्हता. साठ गानी तीन मयन्यांत आरामात झाली असती. मनान इचार आयला व्हता माजे, का शिकवून ठेवू. पन बोलले, तोंड बरं व्हनार हाय, डाक्तरीन बोलली हाय, मंग मीच गाईन. घाई कनाला?"

माझ्या डोक्यात हे एकदाही आलं नव्हतं. मी सीताबाईंचा दात वाचवायचा की नाही, एवढाच हिशेब करत बसले होते; त्यांना त्या तीन महिन्यांत दुसरंही काही करायचं असेल, हे मला सुचलंच नव्हतं.

"दात गेला त गेला," सीताबाई म्हणाल्या. "म्हातारीचा दात, त्याचं काय! मना खरं सांगायला पायजे व्हतं गो बाय. मी रडले असते नि कामाला लागले असते."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी त्यांचे पाय धरायला वाकले, तर त्यांनी माझे हात बाजूला केले, हळूच, आणि भिंतीचा आधार घेत उठून उभ्या राहिल्या.

"हौसा!" त्यांनी हाक मारली. "हात धू नि हकरं ये."

हौसा ओले हात पदराला पुसत आली. सीताबाईंनी तिला पडवीच्या पायरीवर बसवलं आणि तिच्या समोर बसल्या. पुढच्या अंगणात कोन गावाहून आलेल्या धवलारणीनं माइक हातात घेतला होता. तिचं कुठलंसं गाणं सुरू झालं, चांगलं गात होती बिचारी. सीताबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि हळद दळायचं पहिलं गाणं धरलं. सूर अजून तोच होता, भरदार, एवढ्या वर्षांत जराही न घासलेला. शब्द मात्र बोळक्या तोंडात वितळून जात होते.

हौसानं ओळ म्हणायचा प्रयत्न केला. सीताबाईंनी मान हलवली, ते नव्हे. परत म्हणून दाखवली. हौसानं पुढं वाकून त्यांच्या ओठांकडे टक लावून पाहिलं, परत म्हटली, परत चुकली. "आये, काय बोललीस? येक डाव परत बोल ना," असं ती विचारत राहिली, आणि म्हातारी न कंटाळता तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

मी अर्धा तास तिथं उभी होते. पहिल्या गाण्याची पहिली ओळ होती ती. त्यातला एकही शब्द मला कळला नाही, आणि हौसालाही.